उभ्या गाडीचा हिशोब: कराड ते लेह प्रवासासाठी मोटरसायकल निवडताना

प्रकरण काय होतं

माझी मावसबहीण सहकारी बँकेत नोकरीला आहे. सगळे तिला ताईच म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो. वय ४७, उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. कॉलेजला असताना वडिलांच्या स्प्लेंडरवर गाडी शिकली, पुढे संसारात स्कूटर आली आणि गिअरची गाडी अधूनमधून कोकणात जाण्यापुरती उरली. २०२४ च्या सुरुवातीला तिने घरात जाहीर केलं की लेहला जायचंय. एकटीने, दुचाकीवर, कराडच्या दारातून निघून दारातच परत.

जाताना श्रीनगर, कारगिल, लेह. तिथून नुब्रा, पँगाँग आणि हानले. येताना मनालीवरून. हानलेचा हट्ट आकाशासाठी होता. तिथे भारतीय खगोल वेधशाळा आहे आणि आजूबाजूचा भाग २०२२ साली 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग, म्हणून जाहीर झालाय. सगळं मिळून सहा-साडेसहा हजार किलोमीटर होत होते. रजेचं गणित तिने आधीच बसवलेलं: १२ सप्टेंबरला गौरी-गणपतींना निरोप द्यायचा, १२ ऑक्टोबरला दसऱ्याला घरात हजर. महिनाही अचूक निवडलेला. सप्टेंबरच्या मध्यापासून बर्फ वितळून येणारं नाल्यांचं पाणी ओसरलेलं असतं आणि खिंडी अजून बंद झालेल्या नसतात.

गाडी घ्यायचीच होती आणि तीन लाखांपर्यंत खर्चायची तयारी होती. म्हणजे पैशाने हात बांधलेले नव्हते. माझं गॅरेज असल्याने विषय माझ्याकडे आला.

प्रत्येकाची एक गाडी ठरलेली

दाजींचं म्हणणं सरळ: लडाखला जायचं तर बुलेट, दुसरा विचारच नको. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला, त्याने आईला केटीएम ३९० ॲडव्हेंचरचे व्हिडिओ पाठवून पाठवून तिचा फोन भरून टाकला. बँकेतल्या एका सहकाऱ्याने स्वतःची जुनी हिमालयन ४११ देऊ केली, 'टाकी भरून परत द्या म्हणजे झालं.'

फुकट मिळणारी गाडी कुणालाही मोहात पाडेल, म्हणून आधी तिचा निकाल लावला. लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या दुचाकींना तिथल्या गाड्या भाड्याने देणाऱ्यांचा विरोध आहे. लेहपर्यंत कुणी अडवत नाही, पण पुढे नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर कागद बघितले जातात. आरसीवर दुसऱ्याचं नाव दिसलं की गाडी भाड्याची नाही हे पटवत बसायचं. घरच्या माणसाची गाडी असली तर निभावून जातं. सहकाऱ्याची आहे म्हटल्यावर कोण ऐकणार? शिवाय त्या गाडीचं वजन १९९ किलो. तो मुद्दा पुढे येतोच.

एक पर्याय मी सुचवला होता. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने गाडी जम्मूला टाकायची, आपणही त्याच गाडीने जायचं. टाकी रिकामी करायची, गोणपाट गुंडाळून घ्यायचं, तिकिटासोबत लगेज म्हणून बुक करायचं. राजस्थान-पंजाबचा कंटाळवाणा सरळ पट्टा वाचतो, ढुंगणही वाचतं. ताईने एका वाक्यात उडवून लावलं: "मग कराडहून निघाले असं कसं म्हणू?" विषय संपला.

गाडी कुठे कुठे थांबणार

लांबच्या प्रवासाला गाडी घेणारा माणूस ती पळते कशी हे बघतो. हॉर्सपॉवर किती, शंभरला थरथरते का, वळणावर कशी झुकते. माझ्याकडे लिव्हर वाकलेल्या, आरसा मोडलेल्या, गार्ड चेपलेल्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच उभ्या उभ्या पडलेल्या असतात. स्टँडवरून काढताना, पंपावर, चढावरच्या ट्रॅफिकमध्ये, यू-टर्न घेताना. चाक फिरायला लागलं की गाडी स्वतःला सांभाळते, तेव्हा चालवणाऱ्याचे पाय लांब की आखूड याने काही बिघडत नाही. वेग चालण्याइतका उतरला की सगळा भार पायावर येतो. गाव असेल तर चार लोक धावून येतात. साडेचार हजार मीटरवर, जिथे दहा पावलं चालून दम लागतो, तिथे एकट्या बाईने दोनशे किलो उचलायचे कसे?

म्हणून नकाशा घेऊन बसल्यावर मी रस्ता कसा आहे हे न विचारता गाडी कुठे थांबेल ते विचारायला लागलो. झोजिला, ३,५२८ मीटर: चिखल आणि त्यात ट्रकांची रांग. खारदुंग ला: समोरून लष्कराचा ताफा आला की बाजूला घ्यावं लागतं, आणि तिथे बाजू म्हणजे कच्ची, उतरती कड. नाल्याच्या मध्यात गोट्यावर पुढचं चाक अडलं तर पाय पाण्यात टाकावाच लागतो. हानलेच्या बाजूला वाळूचे पट्टे. फोटो काढायला थांबलं की भुसभुशीत मातीत रुतणारा साइड स्टँड. आणि रोज संध्याकाळी कुठल्या तरी गेस्ट हाउसच्या अंगणातला चढ.

रस्त्याचा हिशोब यापेक्षा सोपा होता. जवळपास साडेचार हजार किलोमीटर चांगले हायवे, दीड हजाराच्या आसपास डोंगरातला पण डांबरी रस्ता, आणि खरोखर वाईट म्हणावा असा चार-पाचशे किलोमीटर. तेवढ्यासाठी उंच, लांब शॉकअपची ॲडव्हेंचर गाडी घ्यायची का? सहा फुटी माणसाला मी बिनदिक्कत हो म्हटलं असतं.

टेप आणि वही

भिंतीला पाठ लावून, पायांत जाड वही धरून आतल्या बाजूने पायाची लांबी मोजली: ७१ सेंटिमीटर. जाड तळव्याचे बूट धरले तर साडेचौऱ्याहत्तर. आता तेव्हाच्या, म्हणजे २०२४ च्या गाड्यांच्या कागदावरच्या सीटच्या उंच्या बघा. केटीएम ३९० ॲडव्हेंचर ८५५ मिलिमीटर. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही ८२५. हिमालयन ४५० ची ८२५, लो सीट घेतली तर ८०५. बुलेट ३५० ची ८०५. हिमालयन ४११ ची ८००. टीव्हीएस रोनिन ७९५. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझ ७३७.

या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. बसल्यावर शॉकअप दबतो, दोन सेंटिमीटर तिथेच मिळतात. उलट सीट पुढच्या बाजूला रुंद असली तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढा आखूड पडतो. बुलेटचं हेच होतं. कागदावर ८०५, पण ताई बसल्यावर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती. पुढे निमुळती सीट असलेली गाडी कागदावर एक-दोन सेंटिमीटर उंच असूनही पायाला बुटकी लागू शकते. शोरूममध्ये दहा मिनिटं बसून बघितल्याशिवाय हे कळत नाही, आणि बसायचं ते प्रवासाचे बूट घालून. चपलेवर जाऊन गाडी पसंत करणारे मी रोज बघतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याची कड डावीकडे उतरती असते. चढावर थांबलं की उजवा पाय मागच्या ब्रेकवर, म्हणजे गाडी तोलायला डावा पाय एकटाच, आणि तोही नेमका खोलगट बाजूला टाकायचा. सपाट शोरूममध्ये ज्याचा चवडा जेमतेम टेकतो त्याचा डावा पाय घाटात हवेत राहतो. म्हणून दोन्ही पाय सपाट टेकायचा आग्रह मी धरला नाही. अट एवढीच ठेवली की कडेला उतार असताना डाव्या पायाचा तळवा पूर्ण बसला पाहिजे.

केटीएम आणि व्ही-स्ट्रॉम इथेच गळल्या. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ॲव्हेंजर या मापाने पहिली यायला हवी. दोन्ही तळवे सपाट, वर गुडघ्यात बाक. पण तिचे फूटरेस्ट पुढे असतात, त्यामुळे त्यांवर उभं राहता येत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर फूटरेस्टवर अर्धवट उभं राहून दणके गुडघ्यांत जिरवायचे असतात, नाहीतर प्रत्येक दणका कण्यात जातो. ४७ व्या वर्षी तो सौदा मला पटला नाही. ताईला मात्र ती गाडी आवडली होती, हे नोंदवून ठेवतो.

चाळीस किलो गहू

उरल्या चार गाड्या: बुलेट ३५०, हिमालयन ४५०, एक्सपल्स आणि रोनिन. शोरूमवाले दोन किलोमीटर फिरवू देतात, त्याने काही कळत नाही. माझ्या गिऱ्हाइकांकडून आणि ओळखीपाळखीतून एकेक दिवसासाठी गाड्या मागून आणल्या. टाकी भरायची, वीस-वीस किलो गव्हाच्या दोन गोण्या दोन बाजूंना बांधायच्या आणि कराडजवळच्या आगाशिव डोंगराच्या पायथ्याच्या चढावर न्यायची. प्रवासात सामान याच्या निम्मंच असणार होतं, पण दम लागलेल्या माणसाला गाडी जेवढी जड लागते तेवढी ती कराडात लागावी म्हणून गहू जास्त घेतला.

चढावर थांबणं, पुन्हा निघणं. अरुंद रस्त्यात यू-टर्न, तोही पुढे-मागे करून. इंजिन बंद ठेवून गाडी उलटी ढकलणं. शेवटी जुन्या टायरांवर गाडी अलगद आडवी करून, गोण्या सोडून, एकटीने उचलणं. उचलायची रीत आहे. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, गिअर टाकायचा, गाडीकडे पाठ करून सीटला टेकून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या ग्रॅबरेलला, आणि पायांच्या जोराने मागे-मागे चालत उठायचं. कमरेने ओढायला गेलं की कंबर गेली.

हिमालयन ४५० चा नंबर आला तेव्हा दाजीही बघायला आले होते. ही गाडी मला स्वतःला फार आवडते. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, १७ लिटरची टाकी, पुढे २१ इंची चाक. तिच्या दर्जाबद्दल काही बोलायचंच नाही. चढावर ताई नीट थांबली, नीट निघाली. यू-टर्नमध्ये दुसऱ्यांदा मागे घेताना डावा पाय खडीवरून दोन बोटं सरकला, १९६ किलो अधिक चाळीस किलो गहू तिच्याकडे झुकला आणि मी पकडला. आडवी केलेली गाडी तिने तीनदा प्रयत्न करून अर्ध्यापर्यंत आणली. दाजी पुढे झाले तेव्हा तिनेच त्यांना थांबवलं आणि गाडी सोडून दिली. "तिथे तुम्ही नसणार." बुलेटचं वजनही १९५ किलो, त्यामुळे ती परीक्षा परत घ्यायची गरज दाजींनाही वाटली नाही.

एक्सपल्स आणि रोनिन दोन्ही १६० किलोच्या आसपास. दोन्ही तिने उचलल्या. पस्तीस किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, उचलताना तोच सगळा असतो.

विरळ हवेत काय उरतं

इतक्या लहान इंजिनाने खारदुंग ला चढेल का, हा दाजींचा शेवटचा आणि रास्त आक्षेप. खिंडीतल्या पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असायची, मोजणीत ती ५,३५९ मीटर म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर भरते. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजिनाला हवा निम्मी, म्हणून ताकदही जवळपास निम्मी. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण हवेनुसार कमी करतं, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरसारखी गाडी काळा धूर ओकत गुदमरत नाही. पण नसलेली हवा तेही आणू शकत नाही.

रोनिनचे २० हॉर्सपॉवर तिथे दहा धरा. गाडी १६०, ताई ५४, बूट-हेल्मेट-जॅकेट आणि सामान पंचवीस-सव्वीस: एकूण २४० किलो. आता कराडातली डबलसीट ॲक्टिव्हा घ्या. १०६ किलोची स्कूटर, पावणेआठ हॉर्सपॉवर, वर पासष्ट-पासष्टची दोन माणसं, म्हणजे २३६ किलो. खारदुंग लाच्या माथ्यावर रोनिन या स्कूटरपेक्षा थोडी बऱ्या स्थितीत असते, वर पहिला गिअर हाताशी. झपाटा नसेल, पण चढेल. दाजींनी हा हिशोब स्वतः वहीत करून बघितला आणि मग बुलेटचं नाव काढलं नाही.

एक्सपल्स की रोनिन, हा निर्णय मला खरा अवघड गेला. खराब रस्त्यावर एक्सपल्सचा हात कुणी धरणार नाही. पुढे २१ इंची चाक, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, लांब शॉकअप. रोनिन मूळची शहर-हायवेची गाडी. १७ इंची चाकं खड्ड्यात बसतात, क्लिअरन्स १८१. पण एक्सपल्सवर ताईची बोटंच टेकत होती. सीट कापून, लिंक बदलून बुटकी करता आली असती, पण मग ज्या उंचीसाठी ती गाडी घ्यायची तीच कापल्यासारखं.

रोनिनच्या बाजूने आणखी दोन गोष्टी होत्या. एक, तिचा १९.९३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, इंजिनाच्या मिनिटाला ३,७५० फेऱ्यांना (आरपीएम) मिळतो, एक्सपल्सचा १७.३५ मिळायला ६,५०० पर्यंत फिरवावं लागतं. विरळ हवेत चढावर थांबून पुन्हा निघताना ताकद कमी पडली की माणूस रेस वाढवून हाफ क्लचवर खेळतो, आणि लडाखात क्लच प्लेटा जळतात त्या अशा. खालच्या आरपीएमला ओढणारी गाडी नवख्याला वाचवते. दुसरी गोष्ट, अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर. ट्यूब असलेलं चाक एकटीने उतरवून, टायर सोलून पंक्चर काढणं हे रस्त्याच्या कडेला तासाभराचं काम आहे. ट्यूबलेसला दोरी खुपसून पंपाने हवा भरली की झालं. अलॉय दगडावर आपटून वाकू शकतं, तारेचं चाक वाकलं तरी ठोकून सरळ होतं, हेही खरं. मी पंक्चरची शक्यता जास्त धरली.

रोनिनच्या विरोधात एक मोठा मुद्दा होता. लेहमध्ये बुलेट-हिमालयन बनवणाऱ्या रॉयल एन्फिल्डचे मेकॅनिक आणि सुटे भाग पावलोपावली मिळतात, बाकीच्यांचं तसं नाही. याला उत्तर एकच, सुट्या भागांची पिशवी सोबत. क्लच केबल, एक्सलरेटर केबल, क्लच आणि ब्रेक लिव्हर, ब्रेक पॅड, चेन लॉक, प्लग, फ्यूज. ताईला क्लच केबल बदलायला शिकवली आणि माझ्यासमोर पुन्हा पुन्हा करून घेतली. नवी केबल आधीच जुन्या केबलच्या शेजारून ओढून टेपने बांधून ठेवली, म्हणजे वेळ आली तर फक्त दोन टोकं अडकवायची.

गाडी घेतल्यावर

एप्रिलात गाडी आली, पाडव्याचा मुहूर्त गाठून. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास एक्स-शोरूम किंमत, ड्युअल चॅनल एबीएसचं मॉडेल, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं जाम होत नाहीत. पावसाळ्यापूर्वी पहिली सर्व्हिसिंग उरकली आणि जून ते ऑगस्ट ताई कुंभार्ली घाटातून चिपळूणला जा-ये करत राहिली. त्या दिवसांतला तो रस्ता म्हणजे लडाखची चांगली पूर्वपरीक्षा आहे, चिखल, दगड, ट्रक सगळं एका घाटात.

बदल मोजकेच केले. सीटचा फोम दोन सेंटिमीटर कापून घेतला, फक्त पुढच्या बाजूचा, आणि कडा गोल केल्या. बूट दुरुस्तीवाल्याकडून बुटांना आणखी एक रबरी तळवा लावला. इंजिनखाली जाड पत्र्याचं गार्ड बनवलं, कारण १८१ मिलिमीटरवर दगड लागणार हे गृहीत होतं. चेनचं पुढचं दातेरी चक्र एक दात कमीचं लावावं का, यावर बराच विचार केला. चढाला सोपं झालं असतं, पण साडेचार हजार किलोमीटर हायवेवर इंजिन उगाच जास्त फिरलं असतं. नाही लावलं.

सामानाबद्दल मी हट्टी होतो. मागे उंच बॅग बांधली की आखूड पायाच्या माणसाला त्यावरून पाय टाकताच येत नाही, गाडीवर चढण्यातच गाडी पडते. म्हणून दोन मऊ साइड बॅगा, प्रत्येकी आठ-नऊ किलोच्या, आणि मागे बुटकी गुंडाळी. साइड स्टँडच्या पायाला रुंद पत्रा वेल्ड केला, मातीत रुतू नये म्हणून.

पेट्रोलचं गणित असं. मनाली रस्त्यावर टांडीच्या पंपाजवळची '३६५ किलोमीटर पुढचा पंप नाही' ही पाटी प्रसिद्ध आहे, पण ताईचा मोठा टप्पा वेगळाच होता. लेहहून पँगाँग, चुशुल, हानले आणि परत लेह हा फेरा साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा, वाटेत खात्रीचा पंप नव्हता. १४ लिटरची टाकी, ३८ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ५३०. म्हणून पाच लिटरचा कॅन, सायलेन्सर उजवीकडे म्हणून डाव्या बाजूला, आणि टाकीत जागा झाली की पहिल्यांदा कॅनमधलं ओतायचं.

प्रत्यक्षात काय झालं

गाडी एकदाच पडली. उदयपूरला हॉटेलच्या अंगणात, ओल्या फरशीवर, सकाळी स्टँडवरून काढताना. लिव्हर वाकलं, ते तिने तिथेच बदललं आणि मला फोटो पाठवला. पुढच्या सगळ्या डोंगरात नाही पडली.

झोजिलावर ट्रकांच्या मागे चिखलात पाय टेकत टेकत चढली. खारदुंग लावर ताफा आला, ती कडेला थांबली, डावा पाय खाली गेला आणि टेकला. निघताना पहिल्या गिअरमध्ये सहा-सात किलोमीटर तशीच रांगत गेली, दुसरा टाकला की गाडी आचके द्यायची. हानलेच्या अलीकडच्या वाळूत उंच गाड्यांवरची पोरं उभी राहून वेगाने निघून गेली. ताई दोन्ही पायांनी वल्हवल्यासारखी पाऊल-पाऊल गेली. तिच्याच शब्दांत, "हसत होते सगळे, पण उभी होते."

किंमत वेगात मोजावी लागली. जिथे हिमालयनवाले चाळीस-पंचेचाळीसने जात होते तिथे ती वीस-पंचवीसने. १७ इंची चाकाचा प्रत्येक दणका मनगटात यायचा. पँगाँगहून हानलेला पोचेपर्यंत अंधार पडला, थंडीत बोटं क्लच ओढेनात. अशा गाडीवर रोजचं अंतर कमी धरायला हवं, आणि हा बदल वेळापत्रकात आधीच हवा. इंजिनखालच्या पत्र्यावर दगडांचे खोल ओरखडे आले. तो पत्रा नसता तर काय झालं असतं ते बोलायला नको. एक पंक्चर, तेही जम्मूच्या अलीकडे हायवेवर. दोरी, पंप, आणि पुढे.

परतीला मोरेचं पठार, २१ वळणांचे गाटा लूप्स उतरून, बारालाचा खिंड ओलांडून अटल बोगद्यातून मनालीत. उतारावर तिने मी सांगितल्याप्रमाणे ब्रेकपेक्षा गिअरवर भर दिला, त्यामुळे सोबत दिलेले ब्रेक पॅड पिशवीतून बाहेरच आले नाहीत. दसऱ्याला झेंडूचा हार घातलेली गाडी दारात होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हा एअर फिल्टर धुळीने गच्च, पुढच्या एका शॉकअपचं ऑइल सील गळत होतं आणि चेन ताण संपेपर्यंत ढिली झालेली. क्लच प्लेटा काढून बघितल्या, ठीक होत्या.

२०२५ च्या सुरुवातीला एक्सपल्स २१० आली, ताकद वाढली, पाण्याने थंड राहणारं इंजिन आलं. भाच्याने लगेच विचारलं, आता आईला ही सुचवशील का? सीट ८३० च्या आसपास आहे, त्यामुळे ताईसाठी उत्तर तेच. भाच्याची स्वतःची उंची ५ फूट ११. त्याने घ्यावी.

दाजींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना आता ताईच्या मागे बसून स्पितीला जायचंय. ते ८४ किलोचे. २४० चे ३२४ होतात, वाटेतल्या कुंझुम खिंडीच्या साडेचार हजार मीटरवर रोनिनची ताकद बारा-साडेबारा हॉर्सपॉवर उरते, आणि थांबल्यावर डाव्या पायावर येणारा भार ताईचा राहत नाही, दोघांचा होतो. त्यांना सांगितलंय, जायचं तर हिमालयन ४५० घ्या, पुढे तुम्ही बसा, ताई तिच्या गाडीवर येईल. गव्हाच्या गोण्या बांधून आगाशिवला त्यांची परीक्षा येत्या रविवारी आहे.